पायपीट

मारिपोसास टेकडीच्या जिन्याला एकशे साठ पायऱ्या.
त्यातल्या नऊ माझ्या.
म्हणजे वाल्पाराइसोच्या नगरपालिकेच्या; पण फरशीखाली
स्फटिकांच्या चकत्या मी बसवल्या, तारा मी ओढल्या,
गुडघे माझे फुटले.
पाय पडला की फरशी चार मिलिमीटर दबते
आणि वरच्या वळणावरचा दिवा
सात सेकंद लागतो.

लोक हिशोब विचारतात.
सांगतो : एका पावलाची वीज इतकुशी,
की एक कप चहाचं पाणी उकळायला
एकवीस हजार पावलं लागतील.
गॅसवाला एलिसेओ म्हणाला,
"म्हणजे विन्या देल मारला चालत जाऊन परत.
तिथे माझी बहीण फुकट पाजते."

त्याच एलिसेओचं पाऊल सगळ्यात वजनदार.
खांद्यावर पंधरा किलोची टाकी, पोट वेगळं.
माझ्या आलेखावर तो डोंगररांगेसारखा उमटतो.
शाळेच्या मुली मुद्दाम दोन्ही पायांनी उडी मारतात
आणि दिव्याकडे बघतही नाहीत.
कुत्र्यांची नोंद होत नाही.
धुक्याचीही नाही,
ते समुद्रावरून रोज चढून येतं
एकही पायरी न दाबता.

मंगळवारी रात्री दोन पन्नासला
सातव्या फरशीवर एकच पाय.
धप् धप् धप्. थांबून, पुन्हा धप्.
बुधवारी तसंच. गुरुवारीही.
साहेब म्हणाले, यंत्र बिघडलंय.

शुक्रवारी थर्मास घेऊन खालच्या वळणावर बसलो.
ओर्देलिया आली, बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यातून,
रबरी बूट, हातात किल्ली.
तिचं दार जिन्याला लागूनच,
कुलूप सासऱ्याच्या काळातलं, गंजलेलं.
मी घड्याळ लावून पाहिलं :
दिवा सात सेकंदांचा,
कुलूप नऊ सेकंदांचं.
म्हणून बाई एका पायाने
उजेड हापसत होती,
आटलेल्या हातपंपावर हापसावं तसा.

शनिवारी पेटीचं झाकण काढलं.
दिवसभर एलिसेओच्या टाक्यांखाली दबून जे साठतं
त्यातलं चमचाभर रात्रीकडे वळवलं.
दिवा दहा सेकंदांचा केला.
वर कुणाला विचारलं नाही.
पायगुण म्हणतात तो हाच असणार :
दुपारी एकाने ओझं वाहायचं,
रात्री दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उजेड पडायचा.
असं काहीबाही मनाशी म्हणत
टेकडी उतरलो, स्वतःवर खूश.

सोमवारी आलेख पाहिला.
दोन पन्नास. सातवी फरशी.
धप् धप् धप्.
थांबून, पुन्हा धप्.

शेवटी विचारलंच.
ती हसली नाही, दमलेली होती.
"बुटांचे खवले झटकते हो.
घरात गेले की आठवडाभर पायांना टोचतात.
कुलूप? ते बोटांना पाठ आहे, मी डोळे मिटून उघडते.
डोळे तर मी चौथ्या पायरीपासूनच मिटलेले असतात."
मग मान वर करून पाहिलं तिने.
"हा दिवा तुमचा होय?"

दहाचे परत सात केले नाहीत.
अहवालात 'उपयोग' असा एक रकाना आहे,
तो अजून कोरा आहे.

आज सकाळी फटी साफ करायला गेलो.
सातव्या फरशीच्या कडेला खवलेच खवले,
नखाएवढे, ओले.
ब्रश काढेपर्यंत शाळेच्या मुली आल्या उड्या मारत,
दोन-चार खवले त्यांच्या बुटांना चिकटून
खाली शहरात गेले.
भर उन्हात दिवा लागला, तीनदा.
खालून एलिसेओने टाकी खांद्यावर घेतली
आणि ओरडला,
"काय, झाला का चहा?"