उजवा गाल

रॉटरडॅमचा खरेदीदार पडद्यावर मोठा,
कोपऱ्यातल्या चौकोनात मी.
तो विचारत होता, साल किती टिकेल,
बोटीवर तेवीस दिवस जातात,
आणि मी बघत होतो एक माल
जो मी स्वतः पहिल्याच टेबलावर
बाजूला काढला असता.

सव्वीस वर्षं हेच केलं.
अठराच्या कड्यात मणी अडला तर परदेश,
खाली निसटला तर लोकल,
सुरकुतलेला असेल तर
त्याचं नावसुद्धा काढायचं नाही.
लाल क्रेट.

कॉलेज रोड, दुसरा मजला, खाली चष्म्याचं दुकान.
डॉक्टर खैरनार माझ्या रेणुकाहून लहान.
दिव्याचं भिंग जवळ आणलं,
दोन बोटांत हनुवटी धरली,
आपण घडाचा देठ धरतो तशी, लव पुसू नये म्हणून.
म्हणाल्या, काका,
तुमचा उजवा गाल डाव्यापेक्षा
सात वर्षांनी थोरला आहे.
गाडी स्वतः चालवता?

चालवतो. म्हसरूळ मागे पडलं
की रामशेज डाव्या हाताला, ऊन उजव्या.
संध्याकाळी दिंडोरीहून परतताना
किल्ला बाजू बदलतो,
ऊन बदलत नाही.
जातानाचं पूर्वेचं, येतानाचं पश्चिमेचं,
दोन्ही खिडकीतून माझ्याच अंगावर.
एवढी वर्षं मी समजत होतो
फक्त कोपर काळं पडतंय.

त्यांनी इंजेक्शनचंही सांगितलं,
गाल आतून भरून येतो.
मी विचारलं, फुगवण टिकते किती?
वर्षभर.
कंटेनरच्या मानाने पुष्कळच.
पण आम्हीही मग्ग्यात घड बुडवतो,
डिप जरा जास्त झाला
तर देठ लाकूड होतो, हे मला माहीत आहे.
नको म्हटलं. मलम द्या.

मलम मटाराएवढं, रात्री.
पावडर कोमट पाण्यात, चव ओल्या पुठ्ठ्याची.
आणि साठ गोळ्या, चौदाशे रुपये,
डबीवर काळ्या द्राक्षांचं चित्र:
द्राक्षबियांचा अर्क.
जन्म गेला बिनबियांच्या मालात,
एक बी दाताखाली आलं म्हणून
हॉलंडहून पत्र यायचं,
आता तेच गिळतो, दोन वेळा, जेवणानंतर.

दहाव्या दिवशी साल सुटू लागली.
रविवार कारंज्यावर सुदाम बिडवेने
वस्तरा थांबवला. तुरटी परत ठेवली.
ऊन लागलं, मी म्हणालो.
ते जुनंच, तो म्हणाला,
उजवीकडे वस्तरा अडतो, डावीकडे सरकतो,
वीस वर्षं झाली.
मला कुणी विचारलं होतं का?

शैलजाला ट्यूब सापडली न्हाणीघरात.
हात लांब करून तिने बारीक अक्षरं वाचली,
हसली नाही.
हसली दुसऱ्या दिवशी,
टाचेच्या भेगांना लावून झाल्यावर:
बुजल्या तर अजून एक आणा,
तुमची तुम्हाला, माझी मला.

आमच्यात मण्यात पाणी उतरलं
की बागाईतदार कामगारांना चहा पाजतो.
चेहऱ्याचं पाणी उतरलं
तर माणूस दाराला कडी लावतो.
दोन्हीकडे शब्द एकच,
हे मला रात्री दोनदा आठवलं.

तीन महिन्यांनी फोटो काढले, समोरून, बाजूने.
डाग फिके झाले होते, खरंच.
दोन्ही गाल सुधारले होते,
पण सारखेच.
मधलं अंतर तेवढंच राहिलं.
डॉक्टर म्हणाल्या, चिकाटी ठेवा.
मी पुढची डबी घेतली, पावतीही घेतली.

काल पॅकहाउसमध्ये
रॉटरडॅमचा फोन यायला अर्धा तास होता.
टेबल तिथेच ठेवलं,
खुर्ची तेवढी उलट्या बाजूला नेऊन बसलो,
खिडकी डावीकडे येईल अशी.
पोरगं पडदा ओढायला धावलं.
राहू दे, म्हटलं.
धाकट्यालाही जरा
ऊन लागू दे.