पंधरा आणे

औशाच्या बसस्टँडसमोर, दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.
लिंबाजी मास्तरांनी हलती कवळी काढली,
रुमालात बांधली
आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.
एकच सूर. माझ्या मोबाइलमध्ये तीन सेकंद.
तोही जरा बसका.
‘दातासंगट गेला,’ म्हणाले, ‘ऱ्हायला तेवढा घे.’

आता तो माझ्या जुन्या कॉम्प्युटरात आहे.
काळ्या पडद्यावर आकड्यांच्या ओळी खालून वर सरकतात,
मोंढ्यातल्या अडत्याची वही
कुणी हळूहळू वर ओढून न्यावी तशा.
सूर वाकवायचा तर ओळीच्या शेवटी हुकूम:
एक लिहिलं की वर, दोन लिहिलं की खाली,
त्यापुढचा आकडा, किती.
नवानंतर दहा नाही, ए. मग बी, सी,
पंधराला एफ, आणि घर संपलं.
हे कसं सांगावं?
मी नुसतंच म्हणालो, सोळाचा हिशोब असतो.

‘मंग आण्याचा म्हण की.’
स्टूल पुढं ओढलं त्यांनी.
‘तितं गंधार चवलीभर उतरव.’

उतरवला. प्रत्येक पायरी ऐकू आली,
वरातीच्या घोड्यासारखी, टक् टक्.
‘नवरदेव आणाया बरं हाय.
पोरगी वाटं लावाया न्हाई.
मांडवाभायेर पडताना सूर आदी वर बगतो,
मंग खाली बसतो.
पावली नगं. एकदम नगंच.
आणा आणा दे, जसं
हातचा पैसा सुटंना झालाय.’

दिला. आधी एक आणा वर.
मग दर ओळीत थोडं थोडं खाली,
मध्ये दोन ओळी कोऱ्या.
समोर निलंग्याची गाडी लागली, सुटली.
पुढचीही सुटली.
नऊच्या सुमारास कधीतरी तो सूर
पातळ झाला, वळला आणि बसला.
मास्तर बोलले नाहीत,
बोटं मांडीवर भोकं झाकत होती.

‘पंधरा आणे,’ म्हणाले.
आणि एक?
त्यांनी क्लॅरिनेट उलटं धरून लाळ झटकली,
पत्ती पुसून डबीत ठेवली.
रुमाल सोडून कवळी बसवली
आणि चार्जर कितीला, ते विचारलं.

एका घरात पंधराच मावतात.
सोळा लिहायचे तर शेजारचं घर लागतं:
तिथं एक, इथं शून्य.
शटर लावण्याआधी लिहून पाहिलं.
मला फरक ऐकू आला नाही.
बुधवारी चार्जर न्यायला येणार आहेत ते.
तोवर पुसणार नाही.