जुळलेली रेघ

काचेच्या पट्टीवर आगरचा थर,
थंड, खरवसासारखा किंचित दुधी.
पोकळ सुईनं मी त्यात तीन विहिरी पाडते.
मधलीत सशाचं सीरम.
डावीकडे डेब्रेत्सेनच्या खाटीकखान्यातून
बर्फात आलेला अर्क : कुणा निनावी घोड्यांच्या
मेंदूच्या तळाशी लटकणारी गाठ, खलात वाटून, गाळून.
उजवीकडे बूझाविराग.

बूझाविराग म्हणजे गव्हात उगवणारं निळं फूल.
घोडी तांबडी आहे. नाव व्हेंदेल बाचीनं ठेवलं,
त्याला रंग नीट दिसत नाहीत.

मग झाकण. मग दोन रात्री.
आगरमधून सगळे निघतात आपापल्या चालीनं,
आणि ओळख पटली की जागच्या जागी थिजतात.
तिथे पांढरी रेघ उमटते, नखाच्या कोरीएवढी.
दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या, तर परक्या.
एकीला काटा फुटला, तर लांबचं नातं.
टोकाला टोक भिडून कमान झाली
तर सशाच्या लेखी दोघी एकच.

आज कमान आहे.

एक मेंदूकडून आलेली, अंड्याला सुट म्हणणारी.
दुसरी गर्भाशयाच्या भिंतीतल्या वाडग्यांची,
ती वाडगी शिंगराच्याच पेशी आत घुसून बांधतात
चाळिसाव्या दिवसाच्या आगेमागे.
डॉक्टर सेपेशी म्हणतात, दोघींचा सांगाडा बहुधा तोच,
फरक अंगावरच्या साखरेचा.
बहुधा, म्हणजे अजून कागदावर यायचंय.
सशाला साखर कळत नाही.

व्हेंदेल बाची दाराशी आला, टोपी हातात,
बुटांना लीद.
"पोट रिकामं आहे तिचं," म्हणाला.
"मंगळवारी पेंढ्यात सापडलं मला. मुठीएवढं.
कुत्र्यांच्या आधी पोचलो."
मी पट्टी दिव्यापुढे धरली.
त्यानं बराच वेळ पाहिलं, एक डोळा मिटून,
घोड्याचे दात बघतात तसं.
"मग हे काय?"

सांगितलं : शिंगरू जातं, वाडगी राहतात.
आईच्या पांढऱ्या पेशी त्यांना वेढा देऊन बसतात,
कुरतडतात रोज थोडं थोडं,
पण ती पडायला उन्हाळा सरावा लागतो.
तोवर रक्त हो म्हणत राहतं.

"म्हणजे खोटं बोलतं."
"नाही," मी म्हणाले,
आणि पुढचं वाक्य काही केल्या जुळेना.

नोंदवहीत दोनच रकाने, गाभण आणि रिकामी.
मी दोन्हींच्या मधल्या रेघेवर लिहिलं : कमान पूर्ण.
खाली तारीख, एतेल्का के.
सेपेशी ओरडतील. ओरडू देत.

जाताना त्यानं विचारलं, कुठला ससा?
चौदा नंबर. पिंजऱ्यापाशी नेलं,
कानावर शाईचा ठिपका, सुया टोचल्याच्या गाठी.
व्हेंदेल बाचीनं खिशातून गाजर काढलं,
ते अर्थातच तिच्यासाठी आणलेलं.
ससा आधी गाजराकडे आलाच नाही.
त्याचा हात हुंगत राहिला,
मनगटापासून बोटांपर्यंत, मिशा थरथरत,
घोडीचा वास असणार हाताला.
मग खाल्लं.