जवळचा नंबर

पोवई नाक्यापुढच्या उतारावर माझं चष्म्याचं दुकान.
सकाळी दहाला अक्षरांच्या पेटीतला दिवा लावतो
आणि दिवसभर माणसांना विचारत बसतो:
आता स्पष्ट, की मघाशी?

कोंडिबा संकपाळ गणपतीआधी आले होते.
सगळ्यात खालची ओळ सहज वाचली त्यांनी,
वर दारातून अजिंक्यताऱ्यावरची माणसं मोजून दाखवली:
सात, आणि एक कुत्रं.
पावतीवरचं स्वतःचं नाव मात्र
हात लांब लांब नेला तरी लागेना.
"लांबचं समदं दिसतंय," म्हणाले,
"जवळचंच तेवढं भुरकट झालंय."
अडीचचा नंबर निघाला.
दीडशे रुपये ठेवून गेले
ते परत आलेच नाहीत.

तीन महिने डबी काउंटरखाली.
मंगळवारी दुकान बंद असतं.
एका मंगळवारी ती खिशात टाकली
आणि बामणोलीची एसटी धरली.

यवतेश्वरचा घाट चढताना खाली सातारा,
वाळत घातलेल्या कुरडयांसारखा पांढरा, वेडावाकडा.
कासला फुलं सरलेली,
तिकिटाच्या खोपटात एक माणूस झोपलेला.
मग उतार, कारवीचं रान,
आणि एका वळणाला खिडकीत एकदम
इतकं पाणी
की पुढच्या सीटवरच्या बाईनं
सुनेची तक्रार अर्ध्यावर सोडली.
आठवड्यातून दोनदा बघत असणार ती हे पाणी.
तरी.

धक्क्यावर दरपत्रक, वनखात्याची पावती,
ओळीनं टांगलेली नारिंगी जाकिटं.
कोंडिबांनी डबी घेतली, उघडली नाही.
"आलाच हायसा तर चला."

या पाण्याला काठ असा नाहीच.
प्रत्येक दरीत बोट घालून बसलंय ते.
पलीकडे वासोट्याच्या अंगाला नुसतं रान,
तार नाही, खांब नाही, धूर नाही.
एक गवा पाण्यावर आलेला.
त्यानं मान वर केली, मला नीट न्याहाळलं,
हे काही आपलं गिऱ्हाईक नाही असं ठरवलं
आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.

मधोमध कोंडिबांनी इंजिन बंद केलं.
कानात उरलेली डुगडुग हळूहळू विरली
आणि मागे एवढी मोठी शांतता
की मला खोकायचीही लाज वाटली.

फळीखालून प्लास्टिकची पिशवी निघाली,
पिशवीत पिशवी, तिच्यात एक कागद,
घड्यांवर चार ठिकाणी विरलेला.
त्यांनी चष्मा लावला.
आधी स्वतःच्याच हाताकडे पाहिलं,
दुसऱ्या कुणाचा असावा तसं, उलटा, सुलटा.
मग कागद. ओठ हलत होते.

सवयीनं माझ्या तोंडून गेलं:
"नंबर बरोबर आहे?"

"बरोबर हाय," ते म्हणाले. "एकशे बारा.
पोटखराबा सात गुंठे. हिर एक.
आंबं लिवल्यालं न्हाईत. दोन हुतं."

आणि चष्म्याच्या वरून
समोरच्या डोंगराची एक घळ, मागची एक सोंड
नजरेनं जुळवली.
"थोडं उजवीकडं आलो आपन."
इंजिन चालू केलं,
नाव डावीकडे घेतली, फार तर तीस फूट,
पुन्हा बंद केलं.
"हितं."

मी खाली पाहिलं.
मला माझंच तोंड दिसलं, हलणारं.

परतताना राजवाड्याजवळ पेढे घेतले,
घरी विचारलं तर सांगायला, सहल झाली म्हणून.
उरलेले साडेतीनशे त्यांनी दिले नाहीत,
मला मागायचं सुचलं नाही.
वहीत मात्र येणं लिहावंच लागतं.
लिहिलं: संकपाळ, कोंडिबा. जवळचा, अडीच.
पत्त्याच्या रकान्यात बराच वेळ पेन थांबलं.
मग लिहिलं:
एकशे बारा, थोडं डावीकडे.