खिडकीतून टॉवेल

एकतीस मार्चच्या रात्री बाराला माझं सोनं संपलं.
सकाळी मेल: प्रिय श्री. यन्नम,
आजपासून आपण चांदी.
अक्कलकोट रोडला लाइट गेलेली, माग गप्प,
म्हणून मोठ्यानं वाचला. दोनदा.

बायको म्हणाली, स्टेटस गेलं म्हणजे?
चोवीस तासांनी जातंच की ते.
दुसरं ठेवा.

अकरा वर्षं टॉवेलची सँपलं घेऊन उडतोय.
फ्रँकफर्ट, दुबई, एकदा चुकून ओस्लो.
आधी हैदराबादपर्यंत लिंबाजीच्या गाडीत,
उमरग्याला चहा, जहिराबादला डुलकी.
त्या तीनशे किलोमीटरचे पॉइंट
कुणीच देत नाही.

काउंटरवर मी विचारतो. दर वेळी.
विचारायची रीत असते:
इस्त्रीचा शर्ट, आवाजात घाई नको, नड तर नकोच,
जणू आपलं काही अडलेलं नाही.
मुलगी स्क्रीनकडे बघते, हसते.
यादीत आहात सर, सहावे.
मग कुणी प्लॅटिनम येतो धापा टाकत
आणि मी सातवा.
मग त्याची बायको.

चांदी होतो तेव्हा सहावा होतो.
सोनं झालो तेव्हाही सहावाच.
यादीपण चढत असावी माझ्याबरोबर.

वडील असते तर म्हणाले असते,
टॉवेल टाकायचास की बे.
तुळजापूरची एसटी फलाटाला लागायच्या आत,
चालत्या गाडीबरोबर चार पावलं पळून
खांद्यावरचा टॉवेल ते खिडकीतून आत फेकायचे.
जिथं पडला ती सीट यन्नमांची.
माणसं उभी राहायची, लेकरं कडेवर घेऊन,
पण तो टॉवेल कुणी उचलला नाही.
त्यांनीच विणलेला होता तो,
काठाला एक धागा सुटलेला,
मालकानं सेकंडात काढलेला.

विमानाची खिडकी उघडत नाही.
बत्तीस ईला तर खिडकीच नाही,
आणि दोन्हीकडचे हात दुसऱ्यांचे.

मागच्या नोव्हेंबरात मधला पडदा नीट लागला नव्हता.
पलीकडे छोट्या टॉवेलांचा ट्रे फिरत होता,
गरम, गुंडाळलेले, चिमट्यानं एकेकाला.
एका म्हाताऱ्यानं तोंड पुसलं, मान पुसली,
मग कानामागं.
टॉवेल उलगडला तेव्हा काठ दिसला:
तीन रेघा, मधली बारीक.
ती बारीक का, हे फक्त मला ठाऊक,
राजमल्लूला,
आणि शेडमधल्या सात नंबरच्या मागाला.

मी डोक्यावरचं बटण दाबलं.
एअरहोस्टेस आली, वाकली, येस सर?
घशाशी आलं होतं सगळं.
पाणी, म्हणालो.
तिनं आणलं. बर्फ घातलेलं, चांगलं होतं.

सोनेरी कार्ड राजमल्लूनं मागून घेतलं.
मागाच्या दांड्यावर रुई चिकटते,
ती खरवडायला बरं, कड छान आहे म्हणाला.
नव्या कार्डाची कड तशी नाही,
ते मी पाकिटात ठेवलंय.

काल परत निघालो. पहाटे साडेपाच,
होटगी रोडला अजून दिवे होते.
सवयीनं मागचं दार उघडलं.
पुढच्या सीटवर टॉवेल पसरलेला,
लिंबाजीचा, तीन रेघांचा.
दिवाळीला सगळ्यांना वाटतो तो, सेकंडातला.
त्यानं तो उचलला, झटकला,
स्वतःच्या खांद्यावर टाकला.
पुढं बसा की ओ, मागं एकटेच काय करता.

बसलो.
नळदुर्गच्या पुढं उजाडलं,
आणि उमरग्यापर्यंत
ऊन थेट तोंडावर होतं.