प्रकाशकाचा रकाना कोरा

लॅपटॉप तिच्या भाच्यानं आणून दिला.
"मावशीचा आहे. सुरू व्हायला चार मिनिटं घेतो,"
एवढंच बोलून गेला, गाडी दारात चालूच होती.
कुताइसीत त्या दिवशी विजेचा लपंडाव.
बॅटरीच्या भरवशावर मी यादी उघडली,
बटण दाबताच जे जे उठून बसतात त्यांची.

सोळा नावं.
इतक्या सकाळी इतक्यांचं काय अडलेलं असतं?
प्रिंटरचा मदतनीस, प्रिंटर बहुधा कधीच भंगारात गेलेला.
गाण्यांचं दुकान. खेळांचं दुकान.
दोन अपडेटवाले, एकमेकांच्या पाळतीवर,
आणि एक निरोप्या, ज्याची कंपनीसुद्धा आता नाही,
तरी रोज हजेरी लावणारा.

माझा नियम साधा, गिऱ्हाइकांना तोंडपाठ झालेला:
बंद करणं म्हणजे काढून टाकणं नव्हे.
आज खूण काढली, उद्या परत करता येते.
अँटिव्हायरसला हात लावायचा नाही,
आवाजाच्या, टचपॅडच्या ड्रायव्हरलाही नाही.
उरलेल्यांतला एक बंद करायचा, मशीन पुन्हा चालू करून बघायचं,
मगच दुसरा.
आणि ओळख पटत नसेल
तर आधी विचारायचं.

त्या दिवशी मी विचारलं नाही.
अकरा खुणा एका दमात काढल्या.
अकरावं नाव चार अक्षरांचं,
प्रकाशकाचा रकाना कोरा.
असल्या निनाव्यांवर माझा पहिल्यापासून दात.

दुकानात मी आवाज बंदच ठेवतो.
शेजारी ओतारचं जोडे शिवायचं यंत्र दिवसभर खडखडतं,
त्यात आणखी भर कशाला.
चाळीस सेकंद!
मीच माझी पाठ थोपटली.

संध्याकाळी पांढरा पूल ओलांडून
स्वतः पोचवायला गेलो, चौथा मजला, लिफ्ट बंद.
नाझीब्रोला. कोर्टातली ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करते,
साक्षीदारांची खोकली, हुंदके सोडून बाकी सगळं.
तिनं बटण दाबलं
आणि कॉफी दळायला घेतली.
चाळीस सेकंदांत पडदा उजळला, निळा, स्वच्छ.
मी कौतुकाची वाट बघत उभा.
ती दळत राहिली.
दळून झालं. पाणी ठेवलं. उकळलं.
"अजून झाला नाही का सुरू?"

"झाला की," असं ओठांवर आलं होतं.
तेव्हा कुठे ध्यानात आलं,
बाहेर अंधार पडून अर्धा तास झाला होता,
समोरच्या इमारतीत सगळे दिवे लागले होते,
आणि या घरात
उजेड फक्त त्या पडद्याचा.

चार अक्षरांचा तो
तिला पडदा वाचून दाखवायचा.

आधी आवाज उघडला. मग खूण परत केली.
माझी बोटं उगाच घाईत होती.
मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा एक बाप्या बोलू लागला,
रशियन वळणाची जॉर्जियन, प्रत्येक शब्दावर अडखळत,
आणि ती त्याला म्हणाली, "आलास?"
मला नाही. त्याला.

माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.
"आणखी एक होता. टुंग वाजायचा."
निरोप्या? पण त्यात कुणी बोलत नाही आता, मी म्हटलं.
"मला कुठे बोलायचंय.
टुंग वाजलं की जजवा गॅसवरून उतरवायचा.
नाहीतर कॉफी उतू जाते."

तोही चालू केला.
आता दीड मिनिट लागतं.
पैसे घेताना नोट कितीची ते तिनं बोटांनी ओळखलं,
आणि एक परत मागून घेतली,
तीही योग्य.

जिन्यात दिवा नव्हता.
दुसऱ्या मजल्यावर एक पायरी तुटकी होती.
येताना दिसली होती मला.
जाताना तरीही चुकलो.