उद्या बघते

क्लाक्सविकच्या बंदरावर चार शीतकोठारं आहेत.
आत मासे उणे चोवीसला झोपतात
आणि त्यांच्या झोपेवर नजर ठेवणारी लायब्ररी
रान्वानं लिहिली, सहा हिवाळ्यांपूर्वी,
धाकटा तापानं फणफणलेला, त्याला मांडीवर घेऊन
एका हातानं.

लायब्ररीनं आपणहून बोंबलायचं नसतं,
एवढं तेव्हाही तिला ठाऊक होतं.
लायब्ररी म्हणजे परक्या घरातली पाहुणी:
दिसलं ते यजमानाच्या कानात सांगावं,
किती ऐकायचं ते त्यानं ठरवावं.
म्हणून तिनं तिला तीन आवाज दिले.
डिबग, म्हणजे पुटपुटणं,
लोकरीचे टाके मोजताना बाई स्वतःशी बोलते तसं.
वॉर्निंग, म्हणजे घसा खाकरणं.
एरर, म्हणजे दारावर थाप.

थर्मामीटरनं उत्तरच दिलं नाही तर?
रात्रीचे दोन वाजले होते. तिनं खाकरणं निवडलं.
"सेन्सर गप्प आहे. मागचाच आकडा धरून चालते."
चालते.
त्या क्रियापदात तेव्हा काही खटकलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात
तिसऱ्या कोठारातली तार खाऱ्या हवेनं खाल्ली.
लायब्ररी खाकरली. पुन्हा खाकरली.
चार हजार एकशे बारा वेळा.
पण ती तशी रोजच खाकरायची,
वारा फिरला की, ट्रॉलर धक्क्याला घासला की,
आणि रोज मरे त्याला कोण रडे?
पडद्यावर उणे चोवीस.
रात्री उणे चोवीस.
दुसऱ्या दुपारी धुकं डोंगरावरून उतरून
कंपनीच्या फाटकाशी येऊन बसलं, तेव्हाही
उणे चोवीस, हिरव्यागार अक्षरांत.

कळलं ते यालग्रिमच्या नाकाला.
यालग्रिम रखवालदार. खिळ्याला वही,
सुतळीनं बांधलेली पेन्सिल,
दर चार तासांनी एक ओळ, बावीस वर्षं.
त्या रात्रीच्या ओळीत आकडा नाही.
एकच शब्द आहे: वास.

अकरा टन कॉड.
मॅनेजर सुमारलिदीनं विचारलं, चूक कुणाची?
रान्वा म्हणाली, पातळीची.
त्याला वाटलं, पाण्याची. त्यानं तसं लिहूनही घेतलं.

मग तिनं एकटीनं बसून
डिबग चालू केला, सहा वर्षांत पहिल्यांदा.
पडदा भरून वाहू लागला.
पत्ते, मिलिसेकंद, हेक्समधले आकडे,
आणि मधूनमधून, दर तीस सेकंदांनी,
तिचंच एक वाक्य, तिनं कधीच विसरून टाकलेलं:
"वेळ जुळत नाहीये. इथं काहीतरी चुकतंय. उद्या बघते."

तिनं गुणाकार केला.
त्रेसष्ट लाख उद्या, वर थोडे सुटे.
सगळे बंद आवाजात.

वही मागायला ती कोठारावर गेली.
यालग्रिमनं हात पुसून दिली.
तिथंच, पिंपावर लॅपटॉप टेकवून,
तिनं एका शब्दाचा दुसरा शब्द केला
आणि त्याखालचा मजकूर बदलला:
"तिसरं कोठार दोन मिनिटं गप्प आहे.
कुणीतरी जाऊन दार उघडा."
यालग्रिमनं तो ओठ हलवत वाचला.
म्हणाला, "आणि हुंगा, असंही लिही."
ती हसली. लिहिलं नाही.
घरी जाताना अर्ध्या वाटेवर थांबून लिहिलं.

ती जुनी ओळ मात्र अजून तशीच आहे.
खोडायला बोट ठेवलं की
मांडीवरचं ते तापलेलं डोकं आठवतं,
आणि त्या रात्री खरंच
उद्यावर ढकलण्याजोगं तेवढंच होतं.
आता तो मुलगा दात पडलेल्या तोंडानं विचारतो,
आई, झोपायला कधी येतेस?

ती उत्तर द्यायला तोंड उघडते
आणि मध्येच थांबते.